शलाकाचा राहिलेला पेपर

२ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा शलाकाची बोलणी खाल्ली. तीही माझ्या घरात, माझ्या हातचे चार घावणे तिच्या पोटात गेल्यावर.

नवीन वही आहे, एकदा नीट लिहून ठेवते. शलाका, पुढे नुसतं श. वय एकोणतीस, राहते प्रभादेवीला भाऊ-वहिनीकडे, दादरच्या एका ऑफिसात टेलिफोनवर बसते. जन्मापासून दिसत नाही. बी.ए.चा एकच पेपर राहिलाय, अर्थशास्त्राचा. दोनदा उडालाय. आता एप्रिलमध्ये शेवटची संधी, मग जुना अभ्यासक्रम बंद, म्हणजे परत पहिल्या वर्षापासून. पास झाली तर बी.एड.ला जाणार. तिला इतिहास शिकवायचाय.

डिसेंबरात वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी बघितली, 'लेखनिक हवे'. ती सांगणार, मी लिहिणार. माझी लायकी काय, तर शिक्षण कमी. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचाच लागतो. मी बारावी. कमी शिकल्याचा सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला.

तर आज सराव. तिने सांगितलं, "गरजा खूप असतात." मी लिहिलं, "मानवाच्या गरजा अमर्याद असतात." पुस्तकात तसंच आहे, आणि दिसायलाही बरं. वाचून दाखवलं तर म्हणते, "मावशी, हा अमर्याद माझा नाही. कुणाचा आहे त्याला परत करा."

हे आतून हसले. ह्यांना कोणी विचारलं होतं?

९ फेब्रुवारी, रविवार

दोन प्रकरणं वाचून झाली. मी वाचते, ती फोनवर आवाज भरून घेते आणि आठवडाभर ऐकते. म्हणाली, ऑफिसात जेवताना तुम्हीच असता कानात, मधेच कुकरची शिट्टी होते आणि तुम्ही 'थांब गो' म्हणून उठता, तेवढं मला पाठ झालंय.

मागणी-पुरवठा तिला नकोसा. दोनदा तिथेच घसरलीय. मी म्हटलं, भायखळ्याला बाजारात टोमॅटोच्या दहा गाड्या जास्त आल्या की काय होतं? "भाव पडतो." मग हेच लिहायचं, पुरवठा वाढला की किंमत कमी. म्हणते, टोमॅटोत कळतं हो मावशी, पुस्तकात उलटं होतं. ह्यांनी विचारलं, ती कॉम्प्युटरवर का नाही टाइप करत? जुन्या पेपराला ती सोय नाही म्हणे. हे म्हणाले, "मगे तू फक्त हात आसस. तोंड बंद ठेवूक जमतला?"

निवृत्त झाल्यापासून हे फार बोलायला लागलेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

नियम ठरले. तिचे, अर्थात.
ती सांगेल तेच. चूक असलं तरी तेच.
प्रत्येक उत्तर संपलं की मी जसंच्या तसं वाचून दाखवायचं. चूक असेल तर ती पकडेल, ती सांगेल, मग मी बदलायचं.
मान हलवायची नाही (तिला दिसत नाही, पण पर्यवेक्षक बाईंना दिसतं). 'हं' म्हणायचं नाही. माझं 'हं' तीन तऱ्हेचं आहे म्हणे, आणि तिला तिन्ही कळतात.

ती गेल्यावर पुस्तक इथेच राहिलं. चहा होईपर्यंत पुढचं प्रकरण वाचून काढलं. मग त्याच्या पुढचं. मी कॉलेजात तीन महिने गेले होते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. डिसेंबरात लग्न. अर्थशास्त्राचा तास दुपारचा असायचा, सर पंख्याखाली उभे राहायचे म्हणून आवाज यायचा नाही आणि मी पहिल्या बाकावर बसायला लागले. पुढे काय होतं ते मला एकोणचाळीस-चाळीस वर्षं माहीत नव्हतं. आता कळलं, पुढे मक्तेदारी होती.

९ मार्च, रविवार

मनगट सुजलंय. तीन तास लिहायची सवयच नाही राहिली. हे तेल गरम करून देतात आणि वर म्हणतात, बोर्डाला बसलीस काय. चिडवतात, पण तेल रोज देतात.

श.ला आज विचारलं, इतिहासच का? म्हणाली, शाळेत एक बाई होत्या, दिवाळीत त्यांनी अंगणात मातीचा किल्ला केला आणि आम्हा सगळ्यांचे हात त्याच्यावरून फिरवले. तटबंदी, बुरूज, चोरदरवाजा. "मी चोरदरवाज्यात बोट घातलं ते काढेनाच. बाई ओरडल्या. तेव्हाच ठरवलं, आपणही मोठेपणी असं बोट घालायला द्यायचं मुलांना." सांगताना बोट असं पुढे केलेलं होतं. मला एकदम इतकी आवडली ती पोर. पास झालीच पाहिजे. मी देवाला सहसा गळ घालत नाही, आज घातली.

३० मार्च, रविवार, पाडवा

श.कडे प्रभादेवीला बोलावलं होतं. वहिनी चांगली आहे, उगाच नाव ठेवणार नाही. पण मी श.ला विचारलं श्रीखंड वाढू का, तर वहिनी म्हणाली, "तिला गोड नको असतं." मी विचारलं ऑफिसात रजा मिळाली का, वहिनी म्हणाली, "मिळेल तिला." भाऊ म्हणाला, "ती दमलीय, तिला झोपायचंय." श.चं तोंड प्रत्येक वेळी अर्धं उघडलेलं. मग मिटायची.

खाली सोडायला आली तेव्हा म्हटलं, तू बोलत का नाहीस? "बोलायच्या आत बोलून होतं."

बसमध्ये माझं डोकं तापलेलं. माणसाला स्वतःचं वाक्य पुरं करू द्यायला काय जातं? घरी येऊन ह्यांना सगळं तावातावाने सांगितलं. हे ऐकत होते. मग म्हणाले, "माका काय सांगूचा होता..." आणि मी म्हटलं, हो, माहितीये, दूध संपलंय.

दूध नव्हतं सांगायचं. गॅलरीतल्या तगरीला फूल आलंय, ते सांगायचं होतं.

२१ एप्रिल, सोमवार

उद्या. दोन पेनं, ओळखपत्र, लेखनिकाच्या परवानगीचं पत्र, पाण्याची बाटली, लिमलेटच्या गोळ्या. श.चा फोन, "मावशी, घाबरलात का?" मी म्हटलं, परीक्षा तुझी आहे. "हो, पण तुमचा श्वास ऐकू येतोय."

२२ एप्रिल, मंगळवार

लिहू की नको.

लिहिते.

केंद्रावर वेगळी खोली. आम्ही दोघी आणि पर्यवेक्षक बाई, शांत, विणकाम घेऊन बसलेल्या. वेळ जास्तीचा मिळतो, घाई नव्हती. पहिली दोन उत्तरं सुरेख. श. सांगत होती, मी लिहीत होते, वाचून दाखवत होते. एका ठिकाणी तिनेच "थांबा, हे खोडा" म्हणून नीट केलं. मी मान हलवली नाही, हं केलं नाही.

तिसरा प्रश्न मागणी-पुरवठ्याचा, दहा गुणांचा. तिला घाम. मला ऐकू आलं, तिने पाणी प्यायलं, बाटली ठेवली, घाईने सांगायला लागली. आणि म्हणाली, "मागणी तीच असून पुरवठा वाढला तर किंमत वाढते."

माझ्या हाताने लिहिलं, "कमी होते."

मुद्दाम? खरंच माहीत नाही. एवढं माहितीये की मला उत्तर येत होतं. इतक्या वर्षांनी परीक्षेच्या खोलीत, हातात पेन, समोर खरी उत्तरपत्रिका, आणि मला उत्तर येत होतं. बरं वाटलं. तेही लिहून ठेवते, खोटं कशाला, त्या अर्ध्या मिनिटात मला फार बरं वाटलं.

उत्तर संपलं. वाचून दाखवायचं होतं. 'वाढते' असं वाचलं असतं तर खोटं वाचलं असतं. लिहिलं होतं तेच वाचलं. "किंमत कमी होते."

श. गप्प. बरीच गप्प. मग हळू म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?"
मी म्हटलं, वाढते.
"मग खोडा. माझं लिहा."
मी म्हटलं, शलाका, अगं...
"मावशी. माझं लिहा."

पर्यवेक्षक बाईंनी विणकाम खाली ठेवलं. "काही अडचण?" श. म्हणाली, "नाही मॅडम. खाडाखोड झालेली चालते ना?" मला वाचवलं तिने. त्या क्षणी तक्रार केली असती तर काय झालं असतं, तो विचार मला घरी आल्यावर सुचला.

खोडलं. वर लिहिलं, वाढते. पुढची मांडणी अर्धी 'वाढते' धरून, अर्धी 'कमी होते' धरून झालेली, दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखी. तिने ती तशीच ठेवली. उरलेला पेपर तिने सांगितला, मी लिहिला. शेवटची टीप पुरवणीवर.

बाहेर आल्यावर माझा हात धरला नाही. काठी उघडली आणि एकटीच टॅक्सीत बसली. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही माझं वाक्य मला वाचून दाखवलं असतं ना, तर माझी चूक मीच पकडली असती."

बरोबर आहे. पकडलीच असती. टोमॅटोत कळतं तिला. पण उत्तर मी आधीच सांगून टाकल्यावर ते तिचं कसं राहणार? मी तिची चूक सुधारली नाही, तिच्या हातून सुधारायची संधी काढून घेतली. आणि पाडव्याला वहिनीला नावं ठेवत होते मी.

२३ एप्रिल, बुधवार

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं चिडवतील. जेवताना माझ्या ताटात स्वतःची तळलेली सुरमई टाकली.

११ मे, रविवार

तिसरा रविवार. श. येत नाही, फोन उचलत नाही. मी एक मेसेज केला, लांबलचक. माफी, कारणं, परत माफी. वाचून बघितला तर त्यात श. कमी आणि मीच जास्त. पुसला. 'मी चुकले' एवढंच पाठवलं. फोन तिला ते दोन शब्द वाचून दाखवेल त्याच्यातल्या बाईच्या यांत्रिक आवाजात. काय वाटेल कोण जाणे.

हे रविवारी सकाळी दोन खुर्च्या टेबलाला लावतात, सवयीने. मग एक परत ठेवतात. मला ती पोर हवी आहे. परीक्षा राहू दे बाजूला, रविवारी सकाळी अकरा वाजता मला ती समोर हवी आहे, घावणे खाऊन मला बोलणारी.

१२ मे, सोमवार

उत्तर आलं. 'हो.' बस.

रागावली आहे पण उत्तर दिलं. दिवसभर फोन पदरात बांधल्यासारखा घेऊन फिरतेय.

२० जून, शुक्रवार

निकाल. श.नेच मेसेज केला. अडतीस. चाळीस लागतात.

दोन गुण. त्या प्रश्नात दोन गुण जास्त मिळालेच असते. किंवा तिची चूक तिने पकडली असती तर सहज मिळाले असते. दोन्ही बाजूंनी हिशोब माझ्याशीच येऊन थांबतो. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. हे बाहेरून म्हणाले, "पाणी वाया जाता." मग दार वाजवून म्हणाले, "असू दे, जाऊ दे पाणी."

२२ जून, रविवार

अकरा वाजता बेल. श.! एकटी आली. लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे बोटांनी शोधून, चौदाव्यावर. पाया पडले असते मी तिच्या, पण तिने आधीच विचारलं, "घावणे आहेत का?" नव्हते. पोहे केले.

बसल्यावर मी सुरू झाले, माझ्यामुळे गं, माझ्यामुळे... तिने हात वर केला. मग तिने सांगितलं ते असं. "दोन महिने मी तुमच्यावर रागावलेय असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. तुम्ही 'कमी होते' वाचलंत, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, गप्प बसावं. कोणाला कळणार नाही. पास होऊ. मी गप्प होते ना तेवढा वेळ, ते मी तेच मोजत होते. त्याचा राग आलाय मला. आणि तुमचाही आलाय, थोडा."

थोडा? मी म्हटलं.

"बराच," म्हणाली आणि पोहे मागितले.

मला वाटत होतं ती नुसती माझ्यावर चिडून गप्प होती. ती बरीच गप्प होती त्या वेळात किल्ला, बाई, मुलं, सगळं डोळ्यासमोरून गेलं असणार. डोळ्यासमोरून म्हणजे, तिचं जे काय असतं त्यातून. आणि तरी म्हणाली, माझं लिहा. मी असते तर? मी गप्प बसले असते. हे इथे लिहायला लाज वाटत नाही, कारण वही माझी आहे.

उत्तरपत्रिकेची कॉपी मागवायची ठरलं.

१९ जुलै, शनिवार

कॉपी आली, फोनवर फोटो. गंमत अशी की श.चा फोन छापील काहीही वाचतो, माझं अक्षर त्याला वाचता येत नाही. नुसतं 'चित्र, चित्र, चित्र' म्हणतो. मीच वाचायला हवी.

मी म्हटलं, वहिनीला सांग, ती वाचेल. माझी छाती होत नाही. श. म्हणाली, "जसंच्या तसं वाचा. लाल शाईसकट."

वाचलं. पहिल्या पानापासून, कुठे बरोबरची खूण, कुठे किती गुण, सगळं. तिसऱ्या प्रश्नावर आले. "कमी होते, हे खोडलंय. वर वाढते. परीक्षकांनी खोडलेल्याला गोल केलाय, पुढे प्रश्नचिन्ह. दहापैकी तीन." मी फोन खाली ठेवला. श. म्हणाली, "वाचत राहा. अजून पानं आहेत." किती निष्ठुर वाटली त्या वेळी! बरं झालं वाटली, नाहीतर मी तिथेच थांबले असते.

पुरवणी. शेवटची टीप, पाच गुणांची, पाऊण पान. वाचली. मग पान वरखाली केलं. मोठं केलं. ह्यांना हाक मारली, चष्मा लावून बघा म्हटलं. ह्यांनी बघितलं, म्हणाले, "हयसर लाल काय्येक नाय."

नाही. ना खूण, ना गुण, ना शून्य. पहिल्या पानावरच्या बेरजेच्या तक्त्यातही ती जागा कोरी. तपासलीच नाही, की वेगळं काही आहे, कळत नाही. बरोबर असेल तर दोन गुण त्यात निघतीलही. नाही तर नाही.

श.ने दोनदा विचारलं, "नक्की कोरं?" मग म्हणाली, "मावशी, तुम्हाला तिथे लाल दिसावं असं वाटत नाहीये म्हणून तर नाही ना?" मी परत बघितलं. प्रामाणिकपणे. कोरं.

२३ जुलै, बुधवार

फेरतपासणीचा अर्ज गेला. श.ने सांगितला, मी भरला. 'कारण' ह्या रकान्यात तिने एकच ओळ सांगितली, शेवटचे उत्तर तपासलेले दिसत नाही. मला वाटलं अंध असल्याचं लिहावं, शेवटची संधी असल्याचं लिहावं, जरा कळकळीने. जीभ चावली. तिने सांगितलं तेवढंच लिहिलं, वाचून दाखवलं. "पाठवा."

३ ऑगस्ट, रविवार

उत्तर नाही. साइटवर रोज 'प्रक्रियेत'. बी.एड.च्या प्रवेशाची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. श.ने फॉर्म भरून ठेवलाय, पदवीच्या निकालासमोर 'प्रतीक्षेत'.

आज आली ती पिशवीत जाड पुस्तक घेऊन. नव्या अभ्यासक्रमाचं, पहिलं वर्ष. म्हणाली, नाही झालं तर पहिल्यापासून, तीन वर्षं. उगाच बसून काय राहायचं, एक प्रकरण वाचा. गमतीत सांगत होती, पण पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. तीन वर्षं म्हणजे बत्तीस. मग बी.एड.ची दोन. किल्ल्यात बोट घालायला द्यायला एकूण पाच.

खाली मंडपाचे बांबू उतरवत होते, लालबागला ह्या दिवसांत कानाला विसावा नाही. ते थांबेपर्यंत दोघी थांबलो. त्या वेळात मी पोटातलं बोलून टाकलं. वाचायला मी आहे, जन्मभर आहे. पण लिहायला दुसरी कोणी बघ. मी सांगते वाचनालयात, चांगली, शिस्तीची, कमी बोलणारी. माझ्या हाताचा मला भरवसा नाही.

ती हसली नाही, रागावलीही नाही. काय म्हणाली ते लिहून ठेवते, तिचेच शब्द, एकही इकडचा तिकडे न करता:

"दुसरी कोणी चुकली तर मला कळणारसुद्धा नाही, मावशी. तुम्ही चुकलात की मला ऐकू येतं."

मग पुस्तक माझ्या हातात दिलं. पहिलं प्रकरण वाचून झालं.

ती गेल्यावर पुन्हा साइट बघितली. प्रक्रियेत.